गोधडीच्या आतलं लुगडं

केशरबाई मनाची सोन्यासारखी, पण शिकवायले बसली की तोंडाची लवंगी मिरची. माझे टाके पाहून म्हणे, "रुखमा, हे टाके होत का कापडावरून कोंबडी चालली वो?" अन् सर्रकन धागा ओढून सगळं उसवे. असा राग यायचा मले! पण दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळ्यात आधी मीच हजर.

हे एकोणऐंशीचं सांगतो. धान घरात आलं, बाया जरा मोकळ्या झाल्या, तेव्हा आमच्या करडी गावात महिला मंडळानं गोधडी शिकवायचा वर्ग काढला. शिकवायले केशरबाई. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहे. भावजय तिच्यापुढं ताट असं आदळे, की आमच्या घरात आवाज येई. तालुक्याचे साहेब सांगून गेले होते, दहा बायांनी मिळून एक गोधडी शिवा, भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मांडा. मग वर्ग कायमचा होईल अन् शिकवणारीले शाळेमागची खोली राहायले मिळेल. त्या खोलीत केशरबाईचा जीव अडकला होता. जाता-येता तिच्या खिडकीतून आत पाहे अन् चूल कुठं मांडायची ते मले सांगे.

प्रत्येकीनं घरून एक जुनं लुगडं आणायचं ठरलं. मी कुठून आणू? माझं एक अंगावर, एक दोरीवर. सासू जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तिचं लुगडं तलावाच्या पाळीवर टाकून ये, असं घरच्यांनी मले सांगितलं होतं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड आमच्यात घरात ठेवत नाहीत. पण हिरवंगार, जांभळ्या काठाचं लुगडं, वर्षभरही नेसलेलं नव्हतं. फेकवलं नाही माझ्यानं. धानाच्या ढोलीमागं लपवलं, अन् आता तेच, बाकीच्या बाया यायच्या आधी, वर्गात नेऊन केशरबाईच्या हाती दिलं. आतल्या थरात जाईल, कोणाले दिसते? केवढी मोठी अक्कल माझी!

गोधडी अशी उतरली, बापा, की पाहतच राहावं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी केशरबाईले एक कोपरा फुगीर वाटला. झालं, बसली उसवायले. आतला जांभळा काठ बाहेर आला. आमच्या शेजारची शकुनबाई किंचाळलीच, "अवो माय! हे तं रुखमाच्या सासूचं लुगडं!"

घरी कळतं, तं नवऱ्यानं मले उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता. केशरबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

"मी उचललं पाळीवरून," ती म्हणाली. "कापड चांगलं होतं."

मग काय! मेल्या माणसाचं कापड आम्हाले शिवायले लावलं, लेकराबाळांच्या आम्ही बाया, म्हणून सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. एकजण तिच्या पायाशी थुंकली. गोधडी तलावात फेकली अन् सगळ्याजणी घरी जाऊन डोक्यावरून न्हाल्या. मीही न्हाली.

वर्ग बंद पडला. खोलीत शाळेची मोडकी बाकं ठेवली. भावजयीनं केशरबाईचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत काढलं. सात वर्षं मी तिच्यासमोरून मान खाली घालून गेली. लाज वाटे, दुसरं काय?

छ्याऐंशीत ती अंथरुणाले खिळली तेव्हा मन घट्ट करून गेली. विचारलं, "केशरबाई, काहून खोटं बोलल्या वो तुम्ही?"

"मले घर नव्हतंच," ती खोकत म्हणाली. "तुले होतं. अन् दहाजणींत तुझाच हात बसला होता. एक तरी शिकली, एवढंच माझ्या हाती लागलं. शिवून राहिली ना आता?"

"हो," मी म्हटलं. "पोरांसाठी दोन शिवल्या."

"टाका बारीक घालत जा," ती म्हणाली, अन् भिंतीकडं तोंड करून निजली.

कायच्या दोन? गोधडी तलावात गेली त्या दिवसापासून मी सुई हातात धरली नाही. नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी शकुनबाईकडून लावून आणतो.