दहा कोयत्यांची टोळी

दंगल का होते, हे मी नगरच्या एका कॉलेजात कित्येक वर्षं शिकवते आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, 'विचलन' या प्रकरणात. गाव सोडून आलेल्या माणसाची मुळं तुटतात, शेजारपाजाऱ्यांचा धाक उरत नाही, म्हणून तो दगड उचलतो, हा एक सिद्धांत. स्वप्नं सगळ्यांना दाखवायची आणि वाट मोजक्यांनाच द्यायची, त्या ताणातून तो दगड उचलतो, हा दुसरा. तिसरा म्हणतो, आधी माणसावर शिक्का बसतो, मग माणूस त्या शिक्क्यासारखा वागायला लागतो. मुलं लिहून घेतात, मी फळा पुसते, तास संपतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास शहरात दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पोलीस ठाण्यातून फोन आला. माझा थोरला भाऊ तिथे होता.

तो पाथर्डीकडून ताडपत्री घ्यायला आला होता. दोन दिवसांनी त्याची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघणार होती, आणि तिथल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, टाकायला ती लागते. दगडफेक झाली तेव्हा तो स्टँडवर एसटीची वाट बघत होता. पोलिसांनी दिसेल त्याला गाडीत घातलं, त्यात हाही. मी पोचले तेव्हा ताडपत्रीची घडी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता.

साहेबांनी माझ्यापुढे त्याचा जबाब सरकवला. 'मी टोळीत आहे. आमच्या टोळीत दहा कोयते आहेत.' खाली दादाची सही.

"असं म्हणालास तू?"

"व्हय. त्यांनी इचारलं, कुनासंगं असतो? म्हनलं, टोळीत. किती हायेत? म्हनलं, धा कोयते."

"आणि कोयते कुठे ठेवलेत विचारलं," साहेब म्हणाले, "तर म्हणतो, घरी पोरं सांभाळत असतील! आमची चेष्टा करतो हा."

मला हसू आलं आणि लगेच डोकं सणकलं. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. दादा एक शब्दही खोटं बोलला नव्हता.

मी हे समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकूनही घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त बोचलं. "मॅडम, तुम्ही तर समाजशास्त्राच्या. ही फिरस्ती माणसं, यांना मुळं नसतात. शहरात आली, गर्दी दिसली, की जातात वाहवत. तुम्हाला मी काय सांगणार? माफीनामा लिहून द्या आणि घेऊन जा याला."

हे वाक्य माझंच होतं. मागच्याच आठवड्यात मी ते फळ्यावर लिहिलं होतं. माझे कान तापले. मुळं नसतात म्हणे! दर हंगामाला हीच माणसं एका ट्रॅक्टरमधून जातात, एका रांगेत कोप्या बांधतात, एखादी बाळंत झाली तर बाकीच्या बाया तिची चूल सांभाळतात. माझ्या सोसायटीत शेजारच्या दारामागे कोण राहतं, ते मला धड माहीत नाही.

"माफी कशाची?" मी विचारलं.

"गर्दीत होता, त्याची."

"स्टँडवर गर्दी नाही तर काय असणार?"

दादाने माझी बाही ओढली. "कर सही, बाई. टोळी जाईल मला सोडून. मालकीन एकटी पडंल."

त्याचं खरं होतं. पण पुढच्या दंगलीत हाच कागद सगळ्यात आधी बाहेर निघाला असता. शिक्क्याचा धडा मी काय उगाच शिकवत होते?

"माफी नाही," मी म्हटलं. "जबाब नव्याने लिहा. तोवर मी इथून हलत नाही."

आणि बसले. साहेब उठून गेले, परत आले, पुन्हा गेले. दुपारी वैतागून त्यांनी कोरा कागद पुढे केला. "लिहा तुम्हीच आणि न्या भावाला. पण टोळी, कोयता, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, तेही लिहा. पुस्तकात वाचलंत?"

इथे माझी पंचाईत झाली. कॉलेजात मी 'शेतकरी कुटुंबातली' होते. दादाचं लग्न व्हायच्या आधी दोन हंगाम मी त्याच्यामागे मोळ्या बांधल्या, मी शिकायला निघाले त्या वर्षी मुकादमाने त्याला अर्धा धरलं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

मी कागद लिहून काढला. शेवटी माझं नाव, हुद्दा आणि त्याखाली: 'मी याच टोळीतली. अर्धा कोयता.'

साहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "अर्धा कोयता? तुम्ही?"

"मी."

दादा ताडपत्री काखेत मारून उभा राहिला. "आन् ऱ्हायलेला अर्धा मी, सायेब. निघू का आता?"