सांडव्यावरचं सागवान

लान्सनाईक योहान दुर्गे ज्या गावासाठी मेला, त्याच गावानं दुसऱ्या दिवशी, १९५५ सालच्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, त्याला मूठभर माती नाकारली. गाव चांदा जिल्ह्यात, मूल शहराच्या पूर्वेला, जंगलाला लागून आहे. नाव लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे. मी हिंदू आहे, हेही आधीच सांगतो. मिशनवाल्यांनी लिहवून घेतलं असं कोणी म्हणायला नको.

आमची कंपनी जंगलातल्या रस्त्यावर लाकडी पूल बांधायला आली होती. पावसाळ्यात काम थांबलं आणि कंपनी चांद्याला परतली. पुलाचं सामान राखायला एक सेक्शन मागे राहिली. हवालदार शेळके, त्याच्या हाताखाली योहान आणि आम्ही जवान. वायरलेस सेट माझ्याकडे. पहाटे पी.टी., मग हत्यारांची सफाई, सकाळ-संध्याकाळ चांद्याशी बोलणं. बाकी पहारा आणि चिखल. जवळच गावाचा तलाव होता. त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, धानाची शेतं, धानाला लागून घरं.

योहान चांद्याचाच. बायबल पेटीत असायचं, पण आम्हाला त्यानं ते कधी वाचून दाखवलं नाही. शेळके त्याला ‘पाद्रीबुवा’ म्हणायचा आणि वर दोन शिव्या घालायचा. योहान ‘जी, हवालदारसाब’ म्हणून कामाला लागायचा.

श्रावणात आमच्यातल्या दोघांनी बायजाबाई नावाच्या म्हातारीची कोंबडी उचलली. रस्सा सगळ्यांनी ओरपला. योहाननंही. कोंबडी विकतची आहे असं त्याला सांगितलं होतं. खरं कळल्यावर तो त्या दोघांना एक शब्द बोलला नाही. म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो.

“बाई, तुमची कोंबडी आमी खाल्ली.”

“आमी म्हंजे कोन?”

“मी बी खाल्ली.”

“मंग आता अंडे तू देशीन का रे लेका?”

योहाननं वर पाहिलं. छप्पर गळत होतं. तो वर चढला आणि कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला लागला. दुसऱ्या दिवशी ते दोघं चोर आपणहून गेले. मग शेळके गेला. खाली उभा राहून ‘असे बसवतात का कवेलू, गाढवांनो’ म्हणत राहिला आणि शेवटी स्वतःच चढला. त्यानंतर आमच्या सेक्शननं गावातलं लिंबूसुद्धा उचललं नाही. शेळकेच्या शिव्या संपल्या नाहीत, कमी झाल्या. योहानचा धर्मोपदेश म्हणाल तर मी एवढाच पाहिला.

पोळ्याच्या दिवशी पाऊस थांबायला तयार नव्हता. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं. त्या पाण्यासोबत मासे जाऊ नयेत म्हणून ढिवर, म्हणजे तिथले कोळी, सांडव्यावर खांब रोवून बांबूच्या ताट्या बांधतात. पाऊस बेताचा असेल तर चालतं. जोराचा आला की पालापाचोळा अडकतो आणि ताटीची भिंत होते. गस्तीवर गेलेल्या योहाननं तीच भिंत पाहिली. पाणी पाळीच्या काठाला आलं होतं.

आम्ही धावत गावात, पोळ्याच्या तोरणाखाली गेलो. सगळं गाव सजवलेले बैल घेऊन तिथंच होतं. ढिवरांचा म्होरक्या सुकरू पुढे आला.

“सुकरूभाऊ, ताट्या काढा. पाळ जाईल,” योहान म्हणाला.

“सालभराची मासोळी जाईन न बाबू! काऊन भेऊन राह्यला? ते पाळ माह्या आज्याच्या वेळची हाये.”

पाटील म्हणाला, “बैल घरी जाऊ दे. मंग पाहू.”

मी सेटवर बसलो.

“तलावाची पाळ धोक्यात. मदतीला जायची परवानगी हवी. ओव्हर.”

“परवानगी नाही. सामान सोडू नका. आउट.”

शेळकेनं ऐकलं. योहान एवढंच म्हणाला, “खाली घरं आहेत, हवालदारसाब.” शेळकेनं खूप दिवसांनी एक सणसणीत शिवी घातली.

“सामान गेलं चुलीत. दोर घ्या.”

योहान कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोराचं दुसरं टोक मी आणि शेळकेनं धरलं. कोयत्यानं त्यानं एकेक ताटी सोडवली. मधली शेवटची. ती खांबासकट उखडली आणि दोर तिच्यात गुंतला. आम्ही दोघं फरफटत सांडव्याच्या तोंडाशी आलो.

“सोडा!” योहान ओरडला.

“धर, सोडू नको!” शेळके मला म्हणाला.

योहाननं कोयता उचलला आणि दोर कापला.

पाळ टिकली. सकाळी तो खालच्या धानात सापडला.

चांद्याचा रस्ता पाण्याखाली होता. सेटवर हुकूम आला, तिथंच माती द्या. आम्ही गावाच्या मसणाकडेला जागा मागितली. पाटील म्हणाला, “जवान चांगला होता. पन किरिस्ताव. आमच्या शिवेत नाई.”

बायजाबाई गर्दीतून पुढे आली. “माह्या घरावर चढला तवा चालला, आता मातीत नाई चालत?”

“बाई, तू चूप बस.”

आम्ही योहानला नाल्यापलीकडे, शिवेबाहेर, पुलाच्या सामानाजवळ पुरलं. शेळकेनं पुलाच्या सागवानाचा क्रूस केला आणि उभ्या खांबावर तापल्या सळईनं नाव कोरलं. आम्ही बंदुकांची सलामी दिली. गावाकडच्या काठावर पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन उभी होती. पुढे हुकूम मोडला म्हणून शेळकेची फीत उतरली.

गेल्या साली मी फौज सोडली. त्यानंतर योहानवरची दोन भाषणं ऐकली. एक चांद्याच्या चर्चमध्ये, ‘ख्रिस्ती शील’ या विषयावर. दुसरं गावच्या शाळेत, झेंड्याखाली, त्याच पाटलाचं. दोन्हीकडे म्हणाले, अशा माणसाचा आपल्यावर फार परिणाम झाला. टाळ्या पडल्या. चर्चमधलं कोणी त्या मातीपाशी एकदाही गेलेलं नव्हतं.

या उन्हाळ्यात मी गेलो. क्रूसाच्या जागी खड्डा होता. सांडव्यावर गेलो तर सुकरू नव्या ताट्यांसाठी खांब रोवून बसलेला. मधला खांब सागवानाचा. त्यावर नाव. उलटं. अर्धं मातीत.

“लाकूड पक्कं हाये बाबू. पडूनच होतं.”

“नाव दिसलं नाई?”

“वाचाले कोनाले येते?” त्यानं पुढचा बांबू सोलायला घेतला. मग म्हणाला, “ठावं होतं.”

हाच परिणाम. माणूस ज्या ताटीनं नेला, त्याच ताटीला त्याचं नाव टेकू.

तो खांब मी त्याच दिवशी उपटू शकलो असतो. पण एकट्यानं उपटला तर पावसाळ्याआधी तिथं दुसरा उभा राहील. म्हणून हे तुम्हाला लिहितो. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, चर्चवाल्यांनो, गाववाल्यांनो, मृग लागायच्या आत सांडव्यावर या. ताट्या स्वतःच्या हातानं काढा. ते सागवान उपटा, धुवा आणि गावाच्या शिवेत, मसणाकडेला, जिथं आम्ही जागा मागितली होती तिथं रोवा. नाव सुलटं ठेवा.

लान्सनाईक योहान दुर्गे. वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. पण या.