मेर्वीचं शेवटचं कार्ड

दर रविवारी चार माणसं एका टेबलाशी बसली की किस्से साठतातच, माळ्यावर रद्दी साठते तसे. आमचे मात्र बाहेर सांगायची सोय नव्हती. लोक विचारायचे, तुम्ही करता काय? काय सांगणार? भाषा तयार करतो!

डोंबिवलीचे लेले सर शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेले. त्यांनी मेर्वी नावाची भाषा रचली. संस्कृत आणि लॅटिन ज्या घरातल्या, त्याच घरातली एक हरवलेली बहीण. तिचा तीन हजार वर्षांचा खोटा इतिहास आम्ही कार्डांवर लिहायचो: मेघना, दिवा स्टेशनजवळ राहणारा संदेश आणि मी. माझं अक्षर बरं, म्हणून लिखाण माझ्याकडे. बोलायला मात्र आम्हा तिघांपैकी कोणालाच येत नव्हती.

सरांचा नियम एकच. शब्द खोडायचा नाही. नको असेल तर इतिहासात मारायचा, आणि कार्डावर लिहायचं, कसा मेला, शेवटचं कोण बोललं.

*

संदेशला पाण्यासाठी नऊ शब्द हवे होते. सर म्हणाले, अरे, मेर्वी लोक नदीकाठचे, त्यांना नऊ कशाला? संदेश म्हणाला, "सर, खाडी आमच्या पण बाजूलाच आहे. नळाला काय येतं?"

त्या दिवशी मेर्वीच्या इतिहासात चाळीस वर्षांचा दुष्काळ पडला.

*

घटस्फोटाचे कागद हातात आले त्या आठवड्यात मेघनाने 'नवरा' या शब्दाचं कार्ड पुढे सरकवलं. याला मारा. सरांनी ऐतिहासिक कारण मागितलं. ती म्हणाली, सगळे लढाईला गेले आणि परत आलेच नाहीत. आम्ही हसलो.

'शेवटचं कोण बोललं' तिथे तिने स्वतः लिहिलं, 'एक बाई, एकदाच.'

*

सोसायटीच्या सेक्रेटरींना संशय होता, आम्ही तंत्रमंत्र करतो. एकदा बघायलाच आले. नेमकी मेर्वी लोकांत प्लेगची साथ चालू होती. सर एकेक शब्द वाचून शांतपणे "मेला" म्हणत होते. सेक्रेटरी आल्या पावली परत गेले.

सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहा ठेवत विचारलं, "झाले का मुडदे मोजून?" काकूंचा मेर्वीशी संबंध एवढाच, असं आम्ही धरून चाललेलो.

*

मग सरांना कॅन्सर निघाला. म्हणाले, "माझ्यामागे ही भाषा अनाथ नको. मी आहे तोवर हिचं पण कार्ड लिहून टाकू." आम्ही दर वेळी पुढच्या रविवारवर ढकललं. सांगायला लाज वाटते, दोनदा मी पेन मुद्दाम घरी विसरलो. सर गेले तेव्हा कार्ड कोरंच होतं.

*

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. सरांची इच्छा होती, म्हणून कार्ड भरायला घेतलं. शेवटचं कोण बोललं? मी सरांचं नाव लिहिलं. फार वाईट वाटलं.

काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, चष्मा लावून कार्ड वाचलं, आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. मेर्वीत. कुठेही न अडखळता, रोज घरात सरांशी बोलावं तसं.

आम्हा तिघांना सगळे दुष्काळ, सगळ्या लढाया तोंडपाठ, पण उत्तर एकालाही देता येईना. काकू उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

मग त्या मराठीत म्हणाल्या, "चहा गार होतोय."