लाल पाण्यातला मुळा

माझी धाकटी बहीण मुळा खाऊन मेली. असं सांगितलं की लोक हसू दाबतात. मुळ्यानं कोणी मरतं का, म्हणतात. मरतं! चार वर्षांची पोर सकाळी मुळा खाते आणि दुसरी सकाळ बघत नाही. हसा आता.

आम्ही वलगावचे माळी. काळ्या मातीतून उपटलेला मुळा काळाच असतो, धुतल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही. विहिरीचं पाणी मोटेनं ओढायचं, ते भाजी धुण्यात कोण घालवणार? म्हणून मुळे नाल्यात धुवायचे, कोथिंबिरीवर नाल्याचंच पाणी शिंपडायचं आणि बंडी अमरावतीच्या बाजाराला हाकायची. त्या नाल्यात वरच्या अंगाला लोक काय काय धुवायचे, ते मला सांगायला लावू नका. वाहतं पाणी शुद्ध, एवढं शहाणपण आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पुरलं होतं.

अमरावतीच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आम्ही भाजी द्यायचो. त्या श्रावणात मी मायसोबत गेले. खानसाम्यानं टोपलीतले मुळे उचलले आणि घमेल्यातल्या लाल पाण्यात बुडवले. मायचं डोकंच फिरलं.

"काहून रे भाऊ? आमच्या हाताचा इटाळ होते काय तुह्या साहेबाले?"

"नहीं बाई. नाले के पानी से हैजा होता है," तो बिचारा म्हणाला. हैजा म्हणजे आपली पटकी. मग त्यानं पाणी लाल करणाऱ्या खड्यांची एक पुडी तिच्या हातावर ठेवली. "साफ पानी में चुटकीभर डालो. घर में भी धो के खाओ."

फाटकाबाहेर येताच मायनं पुडी भिरकावली. "मोठा आला सोवळं शिकवाले!" घरी बाबांना सांगितलं तर तेही हसले. "साहेब लोकायचं पोट नाजूक. आपलं काय, गोटे पचवते!" पुढं कोणी जेवताना मुळा मागितला की, "लाल पाण्यात बुडवून देऊ का तुले?" असं चालायचं. मीही खिदळायचे.

पोळ्याच्या आधी वरच्या वस्तीत पटकी लागली. रोग्यांची लुगडी-धोतरं तिथं नाल्यात धुतली जात होती आणि खाली आम्ही मुळे पांढरे करत होतो. पाण्याला ना वास, ना रंग. धाकटीनं टोपलीतला एक मुळा उचलला आणि कचाकचा खाल्ला. रात्र पडायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या, मग पेजेसारखे जुलाब. ती पाणी मागत होती. आणि घरात चार शहाणे जमले होते! "पाणी देऊ नोका, पाण्यानं वाढते." कोणत्या गाढवानं हे पहिल्यांदा सांगितलं असेल? पोरीचं अंग आटत चाललं होतं, ती ओठ चाटत होती आणि आम्ही तांब्या लपवून बसलो होतो.

तिला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस गावच्या विहिरीवर डबा घेऊन आला. त्यानं काळपट जांभळे खडे पाण्यात विरघळवून ओतले, विहीर गुलाबी झाली. तो ओरडून सांगत होता, पाणी उकळून प्या, कच्चं काही खाऊ नका, नाल्यात भाजी धुऊ नका. आता सांगतोस होय मेल्या! साहेबाच्या ताटापर्यंत ही अक्कल कधीचीच पोचली होती. बंगल्यापासून आमच्या नाल्यापर्यंत यायला तिला आमची पोर लागली.

माय कपाळ बडवून घेत होती. "त्यानं पुडी देली होती न, म्याच फेकली, म्याच!" पुढं मरेपर्यंत ती हेच म्हणत राहिली. लोक समजूत घालायचे, बाई, तुले काय माहीत होतं.

खानसामा काय म्हणाला ते मीही ऐकलं होतं. खडे चमकत होते म्हणून फाटकाबाहेरची ती पुडी मी गुपचूप उचलून घरी आणली होती. चिमूटभर घेऊन बाहुलीचं लुगडं रंगवलं. छान गुलाबी झालं, दुसऱ्या दिवशी मातकट पडलं, म्हणून पुन्हा हात लावला नाही. उरलेली पुडी कोनाड्यातच होती. त्या रात्री धाकटीचं अंथरूण त्याच कोनाड्याखाली घातलं होतं.