एकोणीस किलोंचा घाट

माझा थोरला भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. औषधांची दुकानं, टपाल कचेरी, भाजीबाजार, सगळीकडचे काटे त्याच्या हाताखालून गेलेले. एका धान्यवाल्याने एकदा काटा 'जरा आपल्या बाजूने' करून मागितला, तर दादाने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि समोरचा चहाही न पिता निघून आला. माणसांचं वजन तर तो नुसतं बघून सांगतो. पाहुणा दारात बूट काढेपर्यंत याच्या डोक्यात आकडा तयार! पण एकदा वहिनीच्या बहिणीचा आकडा त्याने चारचौघांत सांगितला, वहिनीने दम भरला, आणि तेव्हापासून या बाबतीत त्याच्या तोंडाला कुलूप आहे.

हिवाळा सुरू होताना हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, सायकल चालवा, पण नाडी एकशेवीसच्या वर जाता कामा नये. बाहेर धुकं, थंडी हाडात शिरणारी. तेव्हा युक्ती मी सुचवली. सायकल घरातच स्टँडवर चढवायची, समोर पडदा, पडद्यावर रस्ता. इथे पॅडल मारलं की तिथला आपला माणूस पुढे सरकतो. मी राहतो दुसऱ्या शहरात, पण पडद्यावर दोघं एकाच रस्त्याला. हिवाळा संपायच्या आत हजार किलोमीटर, आणि दर रविवारी दोघांनी मिळून एक घाट, हे उद्दिष्टही माझंच. रविवारी कानात फोन लावून आम्ही बोलत बोलत चढायचो. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे वर्षाकाठी चार फोन, तेही 'बरं आहे ना? बरं आहे' एवढ्यावर आटपणारे.

हा रस्ता दाखवणारं ॲप सुरुवातीलाच वजन विचारतं. चढावर हलका माणूस भराभर चढतो, जड माणूस रखडतो. दादाने अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम लिहिलं, आणि दर सोमवारी काट्यावर उभा राहून तो ते बदलायचा. मी आहे एक्क्याण्णव. मी लिहिलं बहात्तर.

का लिहिलं? लहानपणापासून शर्यत म्हटली की दादा पुढे आणि मी मागून रडत. पन्नाशीत एकदा तरी पुढे जावंसं वाटलं. इतकं फुटकळ कारण आहे, सांगतानाही लाज वाटते.

घाट लागला की मी पुढे. "काय दादा, काट्याला गंज चढला काय?" तो हसायचा. पुढे पुढे हसण्यात धाप मिसळायला लागली. मी माथ्यावर पोचलो की "चल, पुढच्या रविवारी" म्हणून फोन ठेवायचो. मला अंघोळीची घाई. त्याची नाडी मला पडद्यावर दिसत होती. एकशे अठ्ठावीस. एकशे छत्तीस. डॉक्टरांची अट मला पाठ होती. दादा, जरा हळू, एवढे तीन शब्द मी एकदाही बोललो नाही.

नवव्या रविवारी शेवटच्या वळणावर त्याचा माणूस थांबला. "हरलास!" मी ओरडलो. मग कानात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनीची किंकाळी.

तो वाचला. सहा दिवस दवाखान्यात होता. वहिनीने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तर ती म्हणते कशी, "भावजी, तुमच्यामुळे तरी ते सायकलवर बसले. रविवारची वाट बघायचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला घरी आणल्यावर मी पलंगाशी बसलो. "दादा, मी वजन खोटं टाकलं होतं."

त्याने पांघरूण नीट केलं. "एक्क्याण्णव आहेस. बहात्तर टाकलंस."

"तुला काय माहीत?"

"पॅडलवर तुझा जोर किती, चढावर वेग किती, दोन्ही आकडे पडद्यावर असतात. खरं वजन तर मला नुसतं बघून कळतं; टाकलेलं वजन त्यावरून काढायला कितीसा वेळ? पहिल्याच रविवारी काढलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू शरमेने रविवार बंद केला असतास. परत आपले वर्षाला चार फोन."

"अरे, पण मग एवढा ऊर फुटेस्तोवर माझ्या मागे का आलास? जिंकायचं तर नव्हतंच तुला."

"तू वर पोचलास की फोन ठेवायचास," तो म्हणाला. "म्हटलं, बरोबर पोचलो तर वर दोन मिनिटं बोलशील."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्याचे सहाशे बारा किलोमीटर झाले होते, तिथेच थांबले. सायकल आता डॉक्टरांनी बंद केली आहे. मी मात्र दर रविवारी एक्क्याण्णव किलो घेऊन घाट चढतो. येणारेजाणारे सगळे मला मागे टाकतात. दादा पलंगावरून फोनवर असतो, कुठल्यातरी जुन्या काट्याची गोष्ट सांगत.

परवा गोष्ट रंगात आलेली असताना तो अचानक थांबला. "पोचलास काय रे? ठेवतोस?"

"छे," मी म्हणालो, "अजून बराच चढ आहे. तू सांग."

माथ्यावर येऊन मला दहा मिनिटं झाली होती.