दादाची दुपारची झोप

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, राहुरीला दादाच्या ओसरीवर मी त्याच्या बाजेसाठी अडीच हजार रुपये देऊ केले. पाचशेच्या पाच नोटा. हजर आम्ही चौघं होतो: मी, माझी बायको, वहिनी आणि दादा. पैकी दादा त्याच बाजेवर झोपलेला होता, त्यामुळे देऊ केलेली रक्कम त्याच्या कानावर पावणेचारला पडली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय त्रेसष्ट. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेला. मी छप्पन्न. सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. एका पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशेब लिहिले आणि गेल्या दिवाळीत स्वेच्छेनं नोकरी सोडली. लोकांना कारणं दोन सांगितली, रक्तदाब आणि गुडघे. तिसरं कोणाला सांगितलं नाही. मला दुपारी झोपायचं होतं.

हे ऐकून कोणी हसेल, पण एकतीस वर्षं दुपारी अडीचला माझी मान कलायची आणि मी ती सरळ करायचो. एकदा हातातलं पेन ओघळलं आणि एका खातेदाराच्या शिलकेवरून लांब निळी रेघ गेली. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, शाई गळतेय. पेन नवं होतं. त्या दिवशी ठरवलं की नोकरी संपली की रोज दुपारी पोटभर झोपायचं, आणि ही झोप मी कमावलेली असेल.

नोकरी सुटली. जेवण झालं की दीड वाजता मी आडवा व्हायचो. पंखा तीनवर. पडदे ओढलेले. मग मला खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू यायचा. भंगारवाला यायचा. शाळेची गाडी हॉर्न वाजवायची, दोनदा. मी या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचो आणि घड्याळ बघायचो. एक बावन्न. दोन चार. दोन अकरा. अडीचला उठून बसायचो, तेव्हा मान पूर्वीसारखीच कलायची; पण आडवं व्हावं तर झोप पळालेली.

“अहो, झोप काय व्याज आहे का तारखेला जमा व्हायला?” बायको म्हणायची. “आणि दुपारी झोपायचं का, हे आम्हाला कधी कोणी विचारलंय?”

आता दादा. नोकरी सुटल्यापासून आम्ही दर पंधरवड्याला रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचो. जेवण झालं की दादा हात धुतो, बडीशेप तोंडात टाकतो, “पडतो जरा” म्हणतो आणि ओसरीवरच्या बाजेवर डोळ्यांवर उपरणं टाकून पडतो. चार मिनिटांत घोरायला लागतो. हे अंदाजानं सांगत नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसून घड्याळ लावलेलं आहे. सात रविवार. सर्वांत कमी झोप पंच्याऐंशी मिनिटं, सर्वांत जास्त एकशे तीस. मधे ट्रॅक्टर गेला, कुत्री भांडली, एकदा तर वहिनींच्या हातून पातेलं पडून ओसरीपर्यंत घरंगळत आलं. दादानं नुसता पाय हलवला.

उठला की तो चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवतो, आणि त्याचा चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला असतो. तो चेहरा मला बघवत नसे. शेतीत त्याला माझ्यापेक्षा जास्त आलं नाही, पेन्शन काही फार नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या झोपेचा मला खरोखर हेवा वाटायचा. चहाचा कप हातात घेऊन मी म्हणायचो, “झकास झोप झाली वाटतं.” आणि तो म्हणायचा, “कसली रे, डोळा लागला जरा.” एकशे तीस मिनिटं, आणि डोळा लागला जरा!

बाज वडिलांची होती. ते शेतावरून येऊन, भाकरी खाऊन तिच्यावर पडायचे आणि आम्ही दोघं भाऊ अंगणात दबक्या पावलांनी फिरायचो. वडील गेल्यावर घरातल्या वस्तूंचे वाटे झाले. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. दादा म्हणाला, “तुझा हात हिशेबाचा आहे, यादी तू कर. पण उचलायचं तूच आधी.” मी यादी केली. प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिली. लोखंडी कपाट साडेचार हजार. पितळी हंडे वजनावर. बाजेपुढे काही लिहिलं नाही. शेवटी ‘किरकोळ’ म्हणून एक ओळ होती, तिच्यात पाटा, कंदील, दोन पोती आणि बाज असं एकत्र घातलं. मी कपाट असलेला वाटा उचलला. किरकोळ दादाकडे गेलं.

म्हणजे यादी माझी, उचललं आधी मी. तक्रार करायला मला कुठे जागा नव्हती, आणि म्हणून जास्त लागत होतं. कपाट माझ्या खोलीत उभं आहे. त्याच्यात झोपता येत नाही. माझी खात्रीच झाली होती की झोप त्या बाजेत आहे. वडिलांना तिनं झोपवलं, दादाला झोपवते. मला ती शेजारच्या खुर्चीतून नुसती दिसते.

तर पावणेचारला दादा उठला, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि उशाशी नोटा बघून म्हणाला, “हे काय?”

“बाजेचे. मला हवी आहे.”

“बाज?” तो हसला. “अरे मग ने की. पैसे कशाला काढलेस येड्यासारखे?”

“मग तू कशावर झोपणार?”

“सतरंजी आहे की. मला काय, कुठंबी झोप येते.”

त्यानं पैसे माझ्या खिशात कोंबले. त्यानं घासाघीस केली असती, निदान नाराज झाला असता, तर बरं वाटलं असतं. बाज गेली तरी झोप आपल्याकडेच राहणार, असा त्याचा हिशेब होता, आणि तो मला माझ्या कुठल्याही हिशेबापेक्षा पक्का दिसत होता. बायकोनं गाडीत सांगितलं, “मोठ्या भावाच्या अंगाखालची बाज ओढणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.”

मंगळवारी टेम्पोनं बाज सावेडीला आली. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्यानं चढवली. गॅलरीत ठेवली, तेव्हा वाळत घातलेले कपडे काढावे लागले आणि त्याबद्दल मी ऐकून घेतलं. काथ्याचा दोर जुना, मधे झोळ पडलेला. पडलो तर लक्षात आलं की तो झोळ दादाच्या मापाचा आहे. दादा माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि पाठीत रुंद. माझे खांदे त्याच्या खांद्यांच्या खड्ड्यात जायचे आणि कंबर अधांतरी राहायची. एखाद्याच्या चपलेत पाय घालून चालावं तसं मी त्याच्या झोपेत पडून राहायचो. अकरा दुपारी पडलो. झोप एकूण नऊ मिनिटं, तीही वीज गेली होती त्या गुरुवारी.

पुढच्या रविवारपासून आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. बायकोला वाटलं मला भावाची आठवण येते. मला बघायचं होतं.

पहिल्या रविवारी दादा ओसरीवर सतरंजी टाकून पडला आणि चार मिनिटांत घोरायला लागला. माझ्या हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं. पण पन्नासाव्या मिनिटाला तो उठला. भिंतीला हात लावून उठला. त्याच्या पुढच्या रविवारी पंचवीस मिनिटं. हे लिहायला नको होतं, पण आकडे दिले आहेत तर हेही देतो: दोन्ही वेळा मला बरं वाटलं. चहा गोड लागला. परत येताना मी गाडीत गुणगुणत होतो.

तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर दादा माझ्यासमोर खुर्चीत बसला. उपरणं मांडीवर.

“पडत नाहीस?” मी विचारलं.

“नाही रे. झोप नाही आज.” मग इकडे तिकडे बघून म्हणाला, “तुला येते का आता?”

“येते,” मी म्हणालो.

“मग झालं तर.”

मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनी ओट्यापाशी वाटीत तेल कोमट करत होत्या.

“हे कशाला, वहिनी?”

“पाठीला. रोज दोनदा लावते.” त्यांनी आवाज खाली घेतला. “भाऊजी, सांगू नका म्हणालेत, पण सांगते. फरशीवर त्यांना जमत न्हाई. पाठ धरते. रात्रीची झोप त्यांना कधी नव्हतीच. पाण्याच्या पाळीला तीस वर्षं रात्र-रात्र कालव्यावर काढली, ती सवय मोडली न्हाई. दोन-तीन तास झोपतात, मग उठून बसतात. काय ती झोप दुपारचीच.”

“मग मला बाज का दिली?”

“मी तेच म्हणलं. तर म्हणाले, त्यानं आजवर कधी काही मागितलं न्हाई माझ्याकडं. नेलीय तर झोपू दे त्याला.”

मी सात रविवार त्याची झोप मोजली होती, पण चोवीस तासांतली उरलेली बाजू मांडलीच नव्हती. एका बाजूचा आकडा बघून ताळेबंद केला, हे मी पतसंस्थेत केलं असतं तर घरी बसवलं असतं.

बाहेर येऊन दादाला म्हणालो, “बाज परत आणतो.”

“का? येते ना झोप?”

“नाही येत. खोटं बोललो.”

त्यानं मांडीवरचं उपरणं खांद्यावर टाकलं. “मग आधी सांगायचं की येड्या,” म्हणाला आणि पाठीला हात लावून उठला.

घेतली तशी झोळ पडलेली परत देणं मला पटेना. राहुरीत बाज विणणारा एक म्हातारा कारागीर दादाच्या ओळखीचा होता. मूळ मिरजगावचा, लेकीकडे राहायला आलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. मेच्या दुसऱ्या रविवारी बाज टेम्पोनं दादाच्या अंगणात उतरवली. चाचानं आठ वाजता जुना दोर कापला आणि दुपारी एकपर्यंत नवा विणला. मग पायाकडचा दोर ओढून बांधला, बाजेवर हात मारला आणि म्हणाला, “आता कुनीतरी पडा. वजनदार मानूस पायजे. दोर बसला की पुन्ना ओढतो, मंग झाली.”

“दादा पडेल,” मी म्हणालो.

“त्यांची पाठ धरलीय म्हनता ना? नवा दोर लई ताठ असतो. त्यांनी दुसऱ्या ओढीनंतर. तुमचं वजन किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“बास की! पडा.”

“किती वेळ?”

“ते दोर सांगल.”

घड्याळाचा पट्टा नव्या काथ्यात अडकू लागला, म्हणून मी घड्याळ काढून दादाकडे दिलं आणि कडुलिंबाखाली बाजेवर उताणा पडलो. मला झोपायचं नव्हतं. मी काम करत होतो. अठ्ठ्याहत्तर किलो सगळीकडे सारखे पडावेत म्हणून हातपाय पसरून ठेवले. दोर कुठे कुठे कुरकुरत होता, तो ऐकत होतो. चाचा वहिनींना मिरजगावच्या बाजाराचं काहीतरी सांगत होता, आणि बैलाच्या किमतीपर्यंत मी आलो होतो एवढं आठवतं.

डोळे उघडले तर सावली बाजेवरून भिंतीवर गेली होती. चौघं बसून चहा पीत होते. दादा खुर्चीत, माझं घड्याळ त्याच्या हातात.

“बावन्न मिनिटं,” तो म्हणाला. “आणि घोरतोस तू.”

“बत्तीस वर्षं सांगतेय मी,” बायको म्हणाली.

मी चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. दादा खूश होऊन माझ्याकडे बघत होता. बावन्न मिनिटं तो खुर्चीत बसून दुसऱ्याची झोप बघत होता आणि त्याला काहीही झालं नव्हतं. त्याही गोष्टीचा मला हेवा वाटला.

चाचानं दुसरी ओढ दिली. दादा पाठ जपत बाजेवर गेला, उपरणं डोळ्यांवर घेतलं आणि घोरायला लागला. मी घड्याळ बांधलं होतं. चार मिनिटं. त्या दिवशी तो एकशे चाळीस मिनिटं झोपला. आजवरची सर्वांत जास्त. तरी मी चहासाठी त्याला उठवू दिलं नाही.

सावेडीत आता दुपारी मी पलंगावर पडतो. कधी दहा मिनिटं लागते, कधी नाही.

त्या दिवशी शेवटी दिलं ते असं. टेम्पोवाल्याला दोन खेपांचे अठराशे. दादाला काही नाही. अडीच हजार माझ्याकडेच आहेत. चाचाला ठरल्याप्रमाणे काथ्यासकट चौदाशे दिले, तर त्यानं नोटा मोजून हात तसाच पुढे ठेवला.

“आनखी पन्नास, साहेब.”

“ते कशाचे?”

“दोर अर्ध्या तासात बसला हुता. तुमी उठंस्तोर मी बसून ऱ्हायलो, त्याचे. हे म्हनले, उठवू नका त्याला.”

मी झोपलेल्या दादाकडे पाहिलं आणि चाचाला पन्नास रुपये रोख दिले.