उदगीरच्या चढावरची चरवी

चन्नबसप्पा गुरुजींनी महानंदाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरी.

त्या साली पावसाने पाठ फिरवली होती. गावातल्या बोअर एकामागून एक आटत चालल्या होत्या आणि शाळेच्या खिचडीला लागणारं पाणीसुद्धा ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून आणावं लागे. रेणापूरजवळचं ते गाव टेकाडाच्या पायथ्याशी, शाळा टेकाडावर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गुरुजींचं सकाळचं फिरणं त्या शाळेच्या चढापर्यंतच असे. गावातले दांडगे पोरगेसुद्धा तिथे सायकलवरून उतरत आणि ढकलत वर जात.

त्या सकाळी काळ्या, दांडीच्या, पुरुषी सायकलला चार घागरी बांधून एक बाई गुरुजींच्या पुढे निघून गेली. ती उतरली नाही. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ, आणि पाय असे फिरत होते की जणू खाली चढ नाहीच. वर पोचून तिने पाय टेकला तेव्हा घागरींच्या तोंडाला बांधलेली फडकी कोरडी होती. गुरुजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून बघत राहिले.

ती महानंदा सरवदे. शाळेत खिचडी शिजवायची. नवरा साहेबराव घरांना रंग द्यायचा, त्या साली घरं रंगवणारं कुणी नव्हतं म्हणून बसूनच होता. घरात सासू पारूबाई. वय विचारलं तर महानंदा आकडा सांगत नसे. लातूर जिल्हा झाला त्या वर्षीची मी, एवढंच म्हणे.

गुरुजींचा पुतण्या मन्मथ लातुरात दातांचा डॉक्टर. त्याला आणि त्याच्या मित्रांना लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांचं वेड होतं. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी त्यांची फेरी ठरली: लातूरहून उदगीर, तिथून घाट उतरून देगलूर, आणि उतरलेला सगळा घाट परत चढून त्याच वाटेने लातूर. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. शर्यत नव्हती. पहिला-दुसरा कुणी नसतो. वेळेत परत आला त्याची फेरी पूर्ण. गुरुजींनी महानंदाचं नाव काढलं तेव्हा मन्मथ हसला. घागरी आणणं वेगळं, काका, म्हणाला. गुरुजींनी त्याला एका सकाळी चढापाशी बोलावलं. मन्मथने पाहिलं आणि जाताना स्वतःचं जुनं हेल्मेट ठेवून गेला.

फेरी पूर्ण करणाऱ्याला पदक मिळे. ते आणून स्वयंपाकखोलीत पळीशेजारी टांगते, असं महानंदाने शाळेतल्या मुलींना सांगून टाकलं. मग मुली रोज विचारू लागल्या, आणि ते पदक तिच्या जिवाला लागून राहिलं.

निघण्याआधी मन्मथने सगळ्यांना नियम समजावले. वाटेत दुकानातून काही घ्या, हापशावर पाणी प्या, हरकत नाही. पण घरचं माणूस गाडी घेऊन वाटेत मदतीला आलं तर फेरी बाद. घरच्यांची मदत घ्यायची ती ठप्प्याच्या ठिकाणीच.

ठप्प्याची ठिकाणं दोन, उदगीर आणि देगलूर. जाता-येता दोन्ही वेळा लागणारा उदगीरचा ठप्पा गुरुजींकडे होता. नजीरभाईंच्या चहाच्या हॉटेलात ते सकाळपासून बसले होते. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’. नजीरभाई कप विसळताना पाण्याचा थेंब-थेंब जपत होते.

“तुमचा लातूर जिल्हा होऊन जमाना झाला गुर्जी. नळाला पानी आलं का?”

“नाही.”

“मग आमचा बी होऊ द्या की. आमच्या बी नळाला न्हाई येनार, पर जिल्ह्याचं म्हणून न्हाई येनार.”

महानंदा ऊन चढायच्या आत आली. कार्डावर ठप्पा घेतला, उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली आणि देगलूरकडे गेली. दुपार कलल्यावर पहिले सायकलवाले घाट चढून परत आले, तोंडं लाल, ओठ फुटलेले. त्यातला एक कॉलेजातला मुलगा बाकावर आडवाच झाला. गुरुजींनी हळूच महानंदाचं विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, “त्या बाई भीमगीत म्हणत चढून राहिल्यात, सर. आम्ही सायकली ढकलून राहिलो होतो, अन् वरच्या वळणावरून गाणं ऐकू येत होतं. वर सपाटीला आमच्या हलक्या सायकली पुढं निघाल्या, पण गाणं कानातून जाईना.”

गुरुजींनी आयुष्यात हजारो मुलं पाहिली होती. अंगात एवढा जोर आणि चेहऱ्यावर त्याची खूणही नाही, असं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

ती आली. मागून थोड्या अंतराने मेव्हण्याची मोटारसायकल घेऊन साहेबराव. गुरुजींनी ठप्पा शाईत बुडवला. महानंदाने कार्ड पुढे केलं नाही.

“ठप्पा मारू नका, गुर्जी.”

दमली असेल, असं त्यांना वाटलं. मग तिने सांगितलं. चढाच्या मध्यावर साहेबराव वाट बघत उभा होता. हातात ओल्या किंतानात गुंडाळलेली पितळी चरवी. गावात टँकर आठवड्याने यायचा. पारूबाईंनी आपल्या वाट्याचं पाणी बाजूला काढून ठेवलं होतं आणि घाटातले हापसे कोरडे असतील म्हणून लेकाला पाठवलं होतं. महानंदा ते प्याली.

साहेबरावला नियम सांगितलेला होता. पण मदत म्हणजे सायकल ढकलणं, दोरी लावून ओढणं, असं तो धरून चालला होता.

“पानी देनं म्हंजी मदत व्हय का, गुर्जी?” तो म्हणाला. “ते तर वाटसरूला बी देतो आपन.”

गुरुजींनी महानंदाला विचारलं, “तुला ठाऊक होतं ना?”

“हाव. ठाऊक व्हतं.” तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. “म्हातारी दोन दिस बिनआंघोळीची बसलीय त्या पान्यासाठी. ते परत कसं लावू?”

आधी आलेले सायकलवाले केव्हाच पुढे गेले होते. चौघांशिवाय कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि ठप्प्याची शाई ओली होती. गुरुजींनी ठप्पा खाली ठेवला आणि मन्मथला फोन लावला. फेरी बाद झाली, मन्मथ एवढं म्हणाला, आणि तिला गाडीने घेऊन या, असंही.

“गाडी कशाला?” महानंदा म्हणाली. “सायकल हाय की.”

तिने पट्टा पुन्हा आवळला आणि नवऱ्याकडे वळली. “तुम्ही आता सरळ घरी जावा. लातूरपतोर मागं-म्होरं दिसू नका.”

फेरी तर बाद झालीच होती. तरी तिने उरलेली वाट नियमानेच कापली. गुरुजी एस.टी.ने लातूरला पोचले तेव्हा मन्मथ आणि पोचलेले सगळे सायकलवाले रस्त्याकडेला थांबलेले होते. उदगीरची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. महानंदा दिवे लागल्यावर आली. वेळ शिल्लक होता. बसलेले लोक उठून उभे राहिले. ती उतरली आणि प्यायला पाणी मिळेल का, म्हणून विचारलं.

पदक मिळालं नाही. सोमवारी मुलींनी विचारलं तेव्हा तिने खिचडी वाढता वाढता सगळं सांगितलं, चरवीसकट.

पुढच्या साली पाऊस झाला आणि ती पुन्हा गेली. साहेबराव सकाळपासून नजीरभाईंच्या हॉटेलात चरवी मांडीवर घेऊन बसला होता. नजीरभाई म्हणाले, औंदा आमच्याकडं रांजण भरलेत, हे कशाला आनलं? साहेबराव म्हणाला, “हितं नियमात बसतंय.”

ते पदक आता शाळेच्या स्वयंपाकखोलीत पळीशेजारच्या खिळ्याला आहे, धुराने जरा काळं पडलेलं. महानंदा अजून तिथेच खिचडी शिजवते. शाळेला नळ आला आहे, त्यामुळे तिच्या सायकलला आता घागरी नसतात, मागे पारूबाई बसलेल्या असतात. त्यांना गुडघ्यांच्या औषधासाठी दर मंगळवारी रेणापूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं.